बाप-लेकीचा एक कोयता

"बसून ऱ्हायलं की पायाला मुळ्या फुटत्यात, अन् मुळ्या दिसल्या की कुणी ना कुणी कोयता घिऊन येतंच," असं गहिनीनाथ एकदा म्हणाला होता.

मंगलला तेव्हा तो विनोद वाटला होता. लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. ती एवढंच म्हणाली होती, की माणसानं जेवताना तरी मांडी घालावी. तो उंबऱ्यात उकिडवा बसून जेवत होता. एक पाऊल आत, एक बाहेर, ताट हातावर. बोलून तो स्वतःच हसला, हात धुतले आणि "आलोच" म्हणून जो गेला तो दिवेलागणीला उगवला.

पुढे तिला कळत गेलं, की हा माणूस कुठेच पुरता बसत नाही. लग्नाच्या पंगतीत बुंदी यायच्या आत उठतो. देवळात आरती संपायच्या आत पायऱ्या उतरतो. झोपेतसुद्धा त्याचे पाय गोधडीखाली चालत असतात, जसं काही कुणी हाका मारतंय आणि पोचायला उशीर होतोय. आणि घराबाहेर पडताना दर खेपेला एकच शब्द, "आलोच." शेजारच्या म्हाताऱ्या बायनाबाई म्हणायच्या, "मंगल, तुझ्या नवऱ्याच्या 'आलोच'ला काई धरबंध न्हाई बघ. पाडव्याला म्हणला की आखाजीला येतो."

त्याचं वर्षच तसं होतं. दिवाळी सरली की ट्रक यायचा आणि टोळीबरोबर ही दोघं उसाला जायची. कधी सांगलीकडे, कधी त्याच्याही खाली. उन्हाळ्यात तो परळीला वीटभट्टीवर राख ओढायला जायचा आणि पापण्यांपर्यंत करडा होऊन परतायचा. राहता राहिला पावसाळा. दिंद्रुडपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर त्यांचं गाव, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आणि मुरमाड रानाचा एक तुकडा. त्या तुकड्यातली बाजरी तिची ती वाढायची. बाजरीला गहिनीनाथची गरज नव्हती, आणि हे त्याला सहन होत नसे. तो बांधावरून फिरायचा, घरी यायचा, माठाचं झाकण उघडून बघायचा, पुन्हा बाहेर जायचा.

उसाच्या फडात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. नवरा पुढे वाकून तोडत जातो. बायको त्याच्या मागे वाकून, तोडलेला ऊस हाताशी पडायची वाट बघत राहते, पडला की गोळा करते, उसाच्याच शेंड्याच्या पाल्यानं मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडे निघते. मोळी कुणी तोडली, कुणी बांधली, हे कुणी विचारत नाही. मोळीवर नाव नसतं. मंगलचं लग्न तेराव्या वर्षी झालं ते गहिनीनाथचा अर्धा कोयता पुरा करण्यासाठी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पहिला ट्रक दारात उभा राहिला तेव्हा तिचं तिला समजलं.

त्यांना दोन लेकरं. संस्कृती पाचवीत होती, हरिओम अजून अंगणवाडीतच खेळत होता. गेल्या हंगामात संस्कृतीला बरोबर न्यावं लागलं. घरी ठेवायला कुणी नाही. गहिनीनाथची आई वारलेली, मंगलच्या माहेरचेही उसालाच. पोरगी दिवसभर फडाजवळच्या कोपीच्या, त्या पाचटाच्या झोपडीच्या, तोंडाशी भावाला धरून बसायची. गुढीपाडव्याला परत आल्यावर ती शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी दप्तर कोपऱ्यात टाकून भिंतीकडे तोंड करून झोपली. शाळेत भागाकार होऊन गेला होता. तिच्यावाचून.

त्या पावसाळ्यात दिंद्रुडचा एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला. मालक पुण्याला चालला होता आणि त्याचं सामान टेम्पोत चढवायला गहिनीनाथ गेला होता. एका कॉम्प्युटरचा पत्रा चेपलेला होता, पडदा पिवळा पडलेला. मालक म्हणाला, हा भंगारात टाका. गहिनीनाथनं तो मागून घेतला. मंगल दारात शेंगा निवडत होती. तिला रस्त्यावरून नवरा येताना दिसला, डोक्यावर तो डबा, दोरीनं मोळीसारखा आवळलेला, मान ताठ, चाल फडातली.

"हे काय आनलंव?"

"पोरीला."

"काय करायचं त्याचं?"

"ते तिला म्हाईत. मी आनला."

शाळेच्या सुनिता मॅडमना हे कळलं तेव्हा त्या रविवारी स्कूटीवर घरी आल्या. संस्कृतीचा बुडालेला अभ्यास घरीच भरून काढावा लागेल, असं त्या आधीपासून म्हणत होत्या. त्यांनी पेनड्राइव्हमधून गणिताचा एक खेळ कॉम्प्युटरमध्ये घातला. पडद्यावर नदी. अलीकडच्या काठाला शेळी, पलीकडे हिरवं रान. वर एक प्रश्न येतो. बरोबर उत्तराचा आकडा दाबला की नदीत एक फळी पडते आणि शेळी एक पाऊल पुढे जाते. प्रश्नाशेजारी एक लाल पट्टी असते, ती बारीक बारीक होत जाते. ती संपायच्या आत उत्तर दिलं नाही, तर फळी खचते आणि शेळी पाण्यात जाते. डुब्ब. पहिल्या नदीला बेरजा, दुसरीला पाढे, मग भागाकार, मग अपूर्णांक. एक नदी ओलांडली की पुढची आधीपेक्षा रुंद. सुरुवातीला मॅडमनी नाव घातलं, 'संस्कृती'. त्या नावाची शेळी कुठवर आली आहे ते कॉम्प्युटर लक्षात ठेवणार होता.

"गहिनीनाथभाऊ," मॅडम जाताना म्हणाल्या, "तुम्ही फक्त तिच्याजवळ बसायचं. उत्तर सांगायचं नाही, रागवायचं नाही. चुकली तर चुकू द्या. फक्त बसा."

मंगलनं तोंडाला पदर लावला. जगातलं नेमकं तेवढंच काम मॅडमनी त्याला सांगितलं होतं.

तो बसला. उकिडवाच, पण बसला. पोरगी बोटांवर मोजायची, ओठ हलवायची, मोजलेलं विसरायची, पुन्हा अंगठ्यापासून सुरू करायची. लाल पट्टी निम्मी व्हायची, पाव व्हायची. गहिनीनाथच्या घशातून असा आवाज निघायचा, जणू खरोखरची शेळी विहिरीवर वाकली आहे.

"आगं लवकर. संपायली, संपायली—"

"आबा, गप ना वो!"

डुब्ब.

"गेली बघ. सांगत होतो का न्हाई."

तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी त्याचं बोट पुढे गेलं. कोयत्याच्या मुठीनं घट्टे पडलेलं, पाल्याच्या चिरांनी भरलेलं जाड बोट. ते बटणावर पडलं तर शेजारची दोन बटणंही दबत. त्याचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही तुटक. त्याच्याही शेळ्या बुडाल्या. पण तो उठेना. मंगलनं भाकरी थापता थापता वळून बघितलं आणि तिचा हात परातीत तसाच राहिला. नवरा घरात होता. बराच वेळ घरातच होता.

"ही लाल पट्टी म्हंजे मुकादम हाय बघ," तो पोरीला सांगत होता. "मागं उभाच. वर बघायचंच न्हाई. आपलं काम करायचं."

मंगलला तेव्हा वाटलं, याला आता बसून पळायची युक्ती सापडली. अंग जागेवर आणि आत कुणीतरी धावतंय. तिला बरं वाटलं आणि कुठेतरी भीतीही वाटली. पण बरं जास्त वाटलं.

दिवस जात राहिले. गहिनीनाथ रानातून आला की आधी कॉम्प्युटर चालू करायचा, मग पाय धुवायचा. वीज गेली की नदीच्या मधोमध शेळी अंधारात गडप व्हायची आणि तो घराभोवती फेऱ्या घालायचा, खांबाकडे बघून महावितरणला शिव्या द्यायचा. "मधीच सोडली बिचारीला. फळीवर उभी हाय ती." बायनाबाईंनी भिंतीवरून विचारलं, "मंगल, तुझा नवरा टीव्हीत शेळ्या वळतो म्हणं? खऱ्या दोन आन म्हणावं, दूध तरी दितील."

पाढे त्याला भराभर येऊ लागले. चुकत चुकत, हट्टानं, रात्री कूस बदलताना पुटपुटत. नद्या मागे पडत गेल्या. पण प्रत्येक नवी नदी संस्कृतीच्या डोक्यावरून जात होती. ती अजून पहिल्याच पाण्यात होती. एक अडचण गहिनीनाथचीही होती. त्याला वाचायला वेळ लागायचा. अक्षरं जुळवून प्रश्न समजेपर्यंत पट्टी संपलेली असायची. पोरगी वाचायला पटाईत. मग कुणी न ठरवता त्यांचं ठरून गेलं. ती खणखणीत आवाजात प्रश्न वाचायची आणि थांबायची. तो डोळे मिटून हिशेब करायचा आणि बटण दाबायचा. फळी पडायची. ती वाचायची, तो दाबायचा. घरात हसणं होतं, टाळ्या होत्या. हरिओम फळी पडली की उडी मारायचा.

"बाप-लेकीचा कोयता लई चालायलाय," मंगल म्हणाली. ती स्वतःच म्हणाली. नंतर किती तरी दिवस ते वाक्य तिला बोचत राहिलं.

भाद्रपदात सुनिता मॅडम आल्या, कॉम्प्युटर उघडून बघितला आणि खुर्चीवरून उठूनच उभ्या राहिल्या. वर्गातली हुशार पोरं दुसऱ्या नदीवर अडकली होती. संस्कृतीची शेळी सहाव्या नदीच्या मध्यावर उभी होती.

"मंगलताई, ही पोरगी काय आहे तुम्हाला कळतंय का?"

मंगलला कळत नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की संस्कृतीनं मान खाली घातली आहे आणि गहिनीनाथ दारातून खुशीत हसतो आहे. पोर लाजली, असं तिला वाटलं. तसंच वाटून घेतलं तिनं.

बीडजवळ मुलींची एक निवासी शाळा होती. उसाला जाणाऱ्यांच्या मुली तिथे राहायच्या, तिथेच शिकायच्या. थोड्या जागा रिकाम्या होत्या आणि दसऱ्यानंतर चाचणी घेऊन त्या भरणार होते. निम्मी चाचणी गणिताची. "हिचं नक्की होणार," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही निर्धास्त उसाला जा. पोरगी शाळेत राहील."

त्या संध्याकाळी मंगलनं भांडी घासली ती राखेनं नाही, कशानं घासली ते तिलाच आठवलं नाही. निर्धास्त हा शब्द ती मनात उलटापालटा करत राहिली. गहिनीनाथनं पोरीला कबूल केलं, की चाचणी झाली की परतताना कपिलधारला नेऊन धबधबा दाखवीन. मग "आलोच" म्हणून तो गावभर सांगायला गेला.

नवरात्राच्या आधी टोळीचा मुकादम धर्मराज फटफटीवर आला. दिवाळीच्या पाडव्यानंतर ट्रक लागणार, एवढं सांगायला. पाणी पिऊन त्यानं संस्कृतीकडे बघितलं. ती हरिओमला कडेवर घेऊन उभी होती.

"पोरीला घ्या की संगं. लेकरू सांभाळील, भाकरी टाकील. चार हात मोकळे ऱ्हातेत तुमचे."

"तिची शाळा हाय," मंगल म्हणाली.

"असू द्या. शाळा कुटं पळून चालली." धर्मराज हसला. वाईट माणूस नव्हता तो. "अजून दोन-तीन साल. मग हिचाबी कोयता होईल. मीच पोरगं बघतो की, हुशार."

धर्मराज फटफटीला लाथ मारून निघून गेला. मंगल त्याच्या तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात ओतत उभी राहिली. तांब्या रिकामा झाला तरी तो तिनं उलटाच धरला होता.

घटाला तिसरी माळ होती त्या दिवशी मॅडम नवा पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यात चाचणीसारखे प्रश्न होते. खेळ तोच, शेळी तीच, फक्त नदी सरळ चौथ्या इयत्तेच्या गणितापासून सुरू होणारी. "एकदा माझ्यासमोर सोडव, बाळा," त्या म्हणाल्या आणि मागे सरकल्या. गहिनीनाथ सवयीनं जवळ बसायला आला. "भाऊ, तुम्ही तिकडे दारात. चाचणीला तिला एकटीलाच बसायचंय."

संस्कृती बसली. पडद्यावर प्रश्न आला. तिनं खणखणीत वाचला, "एका पेटीत अठरा आंबे. अशा चार पेट्यांत किती आंबे?" आणि ती थांबली. हात मांडीवर, मान जराशी मागे वळलेली.

लाल पट्टी निम्मी झाली.

"हं, सोडव ना," मॅडम म्हणाल्या.

पोरीनं पुन्हा प्रश्न वाचला. त्याच आवाजात. आणि पुन्हा थांबली. दारात गहिनीनाथचं बोट चौकटीवर टकटक करू लागलं होतं. मंगल चुलीजवळ उभी होती आणि तिला एकदम दिसलं ते पोरीचं डोकं नव्हतं. ती तिची स्वतःचीच मान होती; फडात वाकलेली, पुढून काहीतरी पडायची वाट बघणारी.

डुब्ब.

दुसऱ्या प्रश्नाला तेच झालं. तिसऱ्याला संस्कृतीनं अंदाजानं काहीतरी दाबलं. शेळी गेली. चौथ्याला तिला वाचताच येईना, कारण ती रडत होती.

मॅडमनी विचारलं, "ह्या सहा नद्या कुणी ओलांडल्या?"

"आमी," गहिनीनाथ म्हणाला.

"आम्ही म्हणजे कोण?"

"आमी दोघं. ती वाचती, मी दाबतो." त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचं काही नव्हतं. नुसतं आश्चर्य होतं. "कावून, मॅडम? काम तर झालं की. कुणी तोडलं, कुणी बांधलं, काय फरक पडतो? मोळी तर एकच हाय."

"भाऊ, परीक्षेत तुम्ही नसणार आहात."

गहिनीनाथनं पोरीकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग आपल्या बोटाकडे, जणू हे बोट कुणाचं आहे ते त्याला कळत नव्हतं. हे त्याच्या डोक्यात खरंच आलं नव्हतं, आणि मंगलच्या तरी कुठे आलं होतं. दोघांच्या उभ्या जन्मात कामावर एकट्याचं नाव कधी पडलंच नव्हतं.

"म्हंजे," तो हळूच म्हणाला, "अर्धाच कोयता हाय तर ती."

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, तो त्यांनी खाली आणला. "पुरी आहे. पण तिचं तिला कळू दिलंत कुठं तुम्ही?"

त्यांनी शेळी पुसून टाकली आणि पहिल्या नदीच्या काठाला नवी उभी केली. चाचणीला अजून थोडे दिवस होते. जाताना त्यांनी गहिनीनाथला पुन्हा तेच सांगितलं, फक्त बसा. पण या वेळी त्यांचा आवाज सांगण्याचा नव्हता, विनवणीचा होता.

संस्कृती दोन दिवस कॉम्प्युटरकडे फिरकली नाही. पहिली नदी म्हणजे बारक्या पोरांच्या बेरजा. तिला लाज वाटत होती. मंगलनं समजावलं, ओरडली, शेवटी पोरीचे केस विंचरता विंचरता म्हणाली, "तुला धर्मराज काकाच्या ट्रकात बसायचं हाय का?"

"न्हाई."

"मग बस तिथं."

"आबा जवळ बसले तर बसते."

आबा बसले. आणि तिथून घरात जे सुरू झालं ते मंगलला हंगामापेक्षा जड गेलं. पोरगी प्रश्न वाचायची, थांबायची. गहिनीनाथच्या तोंडून उत्तर शिंकेसारखं बाहेर पडायचं. "बारा! — आरं, चुकलो, चुकलो." मंगल लाटणं उगारायची. तो कानाला हात लावायचा आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा, "छत्तीस!" त्याला उत्तर अंगात ठेवताच येत नव्हतं. मग त्यानं गमछ्याचा बोळा तोंडात धरला. हरिओम हसून लोळला. संस्कृतीही हसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा शेळी बऱ्याच फळ्या चालून गेली. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी पहिली नदी ओलांडली, मग दुसरी.

गहिनीनाथ खूश झाला. बोळा काढून म्हणाला, "बघ, गप बसलो की न्हाई मी."

मंगलला त्या फळ्यांवर भरवसा वाटत नव्हता. का, ते तिला सांगता आलं नसतं. संध्याकाळी ती कणीक मळायचं सोडून भिंतीला टेकून उभी राहिली आणि बघत राहिली. पडद्यावर प्रश्न आला. पोरीनं वाचला. गहिनीनाथच्या तोंडात बोळा, डोळे मिटलेले. आणि गुडघ्यावर त्याचं जाड बोट आपसूक वाजत होतं. टक टक टक. थांबलं. संस्कृतीची नजर पडद्यावर नव्हती. तिरपी, खाली, बापाच्या गुडघ्यावर होती. बोट थांबल्यावर तिनं आकडा दाबला. फळी पडली.

मंगलला वाटलं आत्ताच ओरडावं. ती ओरडली नाही. पोरगी हे शिकली कुठून, ते तिला माहीत होतं. फडात नवऱ्याच्या पाठीच्या हलण्यावरून तिला कळायचं ऊस कुठे पडणार. तिनं कधी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं.

सकाळी गहिनीनाथ बाभळीची काडी तोंडात धरून अंगणात येरझारा घालत होता तेव्हा ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

"ती गणित करत न्हाई."

"आगं, दोन नद्या—"

"तुमच्या बोटाकडं बघती. तुमी गुडघ्यावर वाजवताव, ती मोजती."

"मी? मी कुटं वाजवतो?"

"तुमाला म्हाईत न्हाई. तिला म्हाईत हाय."

गहिनीनाथनं दोन्ही हात समोर धरले, जणू ओळखीचे आहेत, पण कुणाचे ते आठवत नाही. "मग हातावर बसतो," तो म्हणाला.

"मग मान हालंल. पाय हालतेल. तुमचं सगळं अंगच बोलतं." आणि मग तिला जे म्हणायचं नव्हतं ते तिच्या तोंडून गेलं. "लगन झाल्यापून मी तुमच्या मागं वाकलेली हाव. मला तुमच्याबिगर काय येतं, सांगा? एक मोळीबी मी माझ्या हातानं तोडली न्हाई. तिलाबी तसंच करायचं का?"

तो थबकला. खरोखर जागच्या जागी उभा राहिला, हातपाय न हलवता. तिला वाटलं आता मुळ्या फुटतील. मग काडी थुंकून तो म्हणाला, "तिनंच सांगितलंय, आबा असले तर बसते. मी गेलो तर ती उठंल."

"उठंल," मंगल म्हणाली. तिलाही पुढचं माहीत नव्हतं.

दिवसभर तो घरात होता आणि नव्हता. दोनदा रानात जाऊन आला. पत्र्यावरचे दगड सरळ केले. माठाचं झाकण उघडून बघितलं. गावात ट्रकांची बोलणी सुरू झाली होती. कुणी चूल बांधून ठेवत होतं, कुणी कोंबड्या विकायला काढत होतं. कुणाच्या तरी दारात कोयत्याला धार लावत होते आणि तो आवाज सबंध दुपारभर गल्लीत घासत राहिला. संस्कृती शाळेतून आली, हातपाय धुतले, बापाकडे बघितलं. तो उंबऱ्याजवळ येऊन बसला. तिनं कॉम्प्युटर चालू केला.

तिसरी नदी. भागाकार. गेल्या साली तिच्यावाचून होऊन गेलेला.

मंगलनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिला तवा तापलेला नको होता, काहीच नको होतं. तिला फक्त ऐकायचं होतं.

"बत्तीस पेरू आठ टोपल्यांत सारखे ठेवले," संस्कृतीनं वाचलं, "तर एका टोपलीत किती?"

आणि थांबली. तिची मान थोडीशी वळली, डोळे खाली उतरले.

गहिनीनाथला उत्तर माहीत होतं. मंगलला त्याच्या गळ्याच्या गाठीवरून दिसलं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले होते. तरी खांदा उचलू लागला होता, पायाचा अंगठा जमिनीवर उभा राहिला होता. लाल पट्टी बारीक होत होती. पोरीची नजर हातांकडून खांद्याकडे गेली, खांद्याकडून अंगठ्याकडे. तिथे ती थांबली आणि वाट बघू लागली.

त्यानं तिचं ते बघणं बघितलं. मग एकदा मंगलकडे बघितलं.

हात मांड्यांखालून काढून तो उठला. चपलेत पाय सरकवले. संस्कृतीनं "आबा?" म्हटलं, तेव्हा त्याची पाठ दारात होती. उंबऱ्यावर त्याचा श्वास आत ओढला गेला, दर खेपेला त्या एका शब्दाआधी ओढला जातो तसा. मंगल त्या शब्दाची वाट बघत राहिली. पण पोरीला वाट बघायला तेवढाही शब्द मागे न ठेवता तो बाहेर निघून गेला.